सतरावे पाऊल

अक्का आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या दार मागायला.

दारात उभ्या राहून काही मागायला नव्हे, दारच मागायला. आमच्या घराचा मागचा भाग पाडून नवा बांधला, तेव्हा परसाचे जुने सागवानी दार निघाले होते. ते गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. सहा फूट चार इंच उंच, तीन फूट एक इंच रुंद, पावणेदोन इंच जाड. घराबाहेर जाण्यापूर्वी मी ते मोजले होते, आणि मोजलेले मी विसरत नाही.

"तुमच्याकडे एक दार रिकामे आहे म्हणे," अक्का म्हणाल्या. "मज ते होणें."

आमच्या तंजावरच्या मराठीत 'मला पाहिजे' याला 'मज होणें' म्हणतात. पूर्वजांनी इकडे येताना जी मराठी आणली तिच्यातले काही तुकडे तसेच राहिले आहेत. मधल्या फटी तमिळने बुजवल्या आहेत.

"कशाला होणें?" माझ्या बायकोने विचारले.

"नाचायला."

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी दाराकडे पाहिले. अक्का तोवर गोठ्यापाशी पोचल्या होत्या. त्यांनी डावा तळवा दारावर सपाट ठेवला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यावर ठोकले, डॉक्टर छातीवर ठोकतात तसे. वर, मधे, खाली. कान अगदी लाकडाजवळ.

"वर थोडा कफ आहे," त्या म्हणाल्या. "पण मधे छान बोलते."

मग त्यांनी खुलासा केला. आयर्लंडात गरिबाच्या घरात पूर्वी मातीची जमीन असे. नाचायचे झाले की दार बिजागरीतून काढायचे, जमिनीवर आडवे टाकायचे. एक माणूस दारावर, बाकीचे भोवती. त्या रविवारी मुलांना नाच-वाजवणे शिकवत ते आमच्या समाजाच्या मंडपात, आणि तिथे सगळीकडे दगडी फरशी. "दगडावर नाचले की गुडघे बोलतात, जमीन बोलत नाही. लाकूड होणें."

"आणि दार काढल्यावर घरात कुत्री शिरत नाहीत?" बायकोने विचारले.

"शिरतात की. तीही नाचतात."

दार द्यायला माझी हरकत नव्हती. पण ते कुठे ठेवतात, ऊन लागते का, वाळवीचे काय, हे स्वतः पाहावे म्हणून मी हातगाडीबरोबर चालत मंडपापर्यंत गेलो. पुढच्या रविवारी दार ठीक आहे ना ते पाहायला गेलो. त्याच्या पुढच्याही. असा मी सात वर्षे दार पाहायला जात होतो.

अक्का आमच्यातल्याच. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या. नर्स होऊन आयर्लंडला गेल्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान गावातल्या इस्पितळात एकोणतीस वर्षे काढली, लग्न केले नाही, आणि त्रेसष्टाव्या वर्षी परत आल्या. सामानात एक फिडल, म्हणजे तिकडचे व्हायोलिनच, एक चहाची किटली आणि दोन छत्र्या. नऊवारी नव्हे, साधी सहावारी सुती साडी, आणि तिच्याखाली पुरुषी तपकिरी बूट, नाडीचे. तंजावरात माणूस कॉफीवर वाढतो. अक्का चहा पीत, तोही इतका काळा की दूध घातल्यावरही त्याचा रंग विटेसारखा राही. शेजारणी हे एखाद्या आजारासारखे हळू आवाजात सांगत.

नर्सपण त्यांच्या बोटांतून गेले नव्हते. मूल आले की आधी त्याचे मनगट धरत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, आणि आकडा जाहीर करत. "ब्याण्णव! धावत आलास डा. तू आज जलद चाल वाजव." "सत्तर. तुज आज हळू." सगळ्या वर्गाची लय त्या दिवशीच्या नाडीवरून ठरे.

माझेही मनगट त्यांनी पहिल्याच रविवारी धरले. चौसष्ट. पुढच्या रविवारी चौसष्ट. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारले, "तुम्ही काय काम करता?"

मी पाटबंधारे खात्यात आहे. कालव्याच्या तोंडाशी पाण्यात आकडे रंगवलेली पट्टी उभी असते. ती वाचून पातळी लिहिणे हे माझे काम. या कामाचा नियम एकच. पट्टीवर दिसेल तो आकडा लिहायचा. काल इतके होते म्हणून आज इतके असेल, वरून इतके सोडले म्हणजे खाली इतके पोचले असेल, असे लिहायचे नाही. हे मी अक्कांना सांगितले.

"म्हणजे चार्ट लिहिणारे," त्या म्हणाल्या. "चांगले. बसा त्या बाकावर."

रविवारची ती शाळा खरे तर मुलांना देवनागरी शिकवायला काढली होती. आमची मुले मराठी समजतात, बोलताना अडखळतात, आणि वाचायचे म्हटले की बहुतेकांना तमिळ नाहीतर इंग्रजी लागते. सुरुवातीला अकरा मुले होती, वर्षभरात चार उरली. तेव्हा कमिटीने अक्कांना बोलावले ते प्रथमोपचार शिकवायला. त्या फिडल घेऊन आल्या.

कमिटीत एकाने हरकत घेतली. "अक्का, आपल्या भाषेच्या शाळेत आयरिश गाणे? हे आपले आहे काय?"

अक्का म्हणाल्या, "सांबार तुमचे होते काय?"

"ते वेगळे."

"आणि या मुली शिकतात ते व्हायोलिन? ते काय कावेरीत उगवले? कोणीतरी आणले, कोणीतरी घेतले. आता मी आणले आहे. घ्यायचे नसेल तर परत नेते, विमानाचे तिकीट तुम्ही काढा."

तीन महिन्यांत मुले एकोणीस झाली. अर्धा तास देवनागरी, दीड तास आयर्लंड. हरकत घेणाऱ्याची नातही त्यात होती.

शिकवण्याची त्यांची रीत अशी की कागद नाही. सुरावली लिहून घ्यायची नाही, मोबाइलवर धरून ठेवायची नाही. त्या आधी तोंडाने चाल म्हणत, दिदल-दिदल-दम असे काहीतरी, आणि मुलांना ते लगेच कळे, कारण आमच्याकडे मृदंगाचे बोल तोंडाने म्हणायची सवय असतेच. जिग या नाचाची लय म्हणजे तकिट-तकिट, एवढे सांगितले की काम झाले. मुले आपल्या पद्धतीने जमिनीवर मांडी घालून, फिडलचे डोके पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवत. अक्का खुर्चीवर, फिडल हनुवटीखाली. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती गमकांची. कर्नाटक संगीत शिकलेल्या मुलांना सूर सरळ ठेवता येत नाही, तो हलवल्याशिवाय चैन पडत नाही.

"हलवू नको डी! पेशंट झोपला आहे. त्याला हलवतेस कशाला?"

नाचात अडचण उलटी. तिकडचा तो नाच कमरेखाली चालतो. हात दोन्ही बाजूंना सरळ, चेहरा समोर, आणि पाय मात्र विजेसारखे. आमच्या मुली पाच वर्षांच्या असल्यापासून भरतनाट्यम शिकणाऱ्या. पायाने एक ठोका दिला की बोटे आपोआप कमळ व्हायची, भुवया वर जायच्या. अक्का कपाळाला हात लावत. आमच्याकडची ती प्रसिद्ध बाहुली तुम्ही पाहिली असेल, जिचे डोके आणि कंबर डुलते आणि बूड जागेवर राहते. अक्का म्हणायच्या, "तंजावरच्या बाहुलीच्या उलट व्हा. वरून खांब, खालून वारा."

शेवटी त्यांनी उपाय काढला. प्रत्येक नाचणाऱ्याच्या दोन्ही मुठींत एकेक लिंबू. मूठ उघडली की लिंबू पडणार. पहिल्या दिवशी मंडपभर लिंबेच लिंबे घरंगळत होती आणि मुले त्यांच्यामागे धावत होती, अक्का हसून हसून खुर्चीत वाकल्या होत्या. लिंबे मोजून देणे आणि मोजून घेणे हे काम माझ्याकडे आले. त्या दिवशी अठरा दिली, पंधरा परत आली; तिघांनी घाबरून मूठ इतकी आवळली होती की रस कोपरापर्यंत गेला. वर्ग संपला की त्या लिंबांचा भात व्हायचा. नाचून दमलेल्या मुलांना तो लिंबूभात काय लागायचा ते मी सांगू शकत नाही. इतकेच सांगतो की एकोणीस मुलांना दोन किलो तांदूळ पुरत नसे.

आणखी एक दंडक होता. चाल वाजवण्याआधी ती कोणाकडून मिळाली ते सांगायचे. उभे राहून, स्पष्ट. "ही मज अक्कांकडून, अक्कांस त्यांच्या घरमालकिणीकडून, तिला तिच्या मामाकडून." मगच गज तारेला लावायचा. एकदा एक मुलगा नवीच चाल वाजवून दाखवायला उभा राहिला.

"कोणाकडून?"

"मोबाइलकडून, अक्का."

"मोबाइलला कोणी दिली?"

मुलाने खिशातला मोबाइल चाचपला.

"जा, त्याला विचारून ये. नाव न सांगता वाजवली तर ती उचललेली वस्तू. आपण उचलत नाही, आपल्याला देतात."

चाळीसेक चाली त्यांनी मुलांना दिल्या. एक मात्र स्वतःपाशी ठेवली होती. वर्ग संपला, मुले पिशव्या भरू लागली की त्या खिडकीकडे तोंड करून ती एकट्याने वाजवत. तिचे नाव 'सहा नंबर'. इस्पितळात सहा नंबरच्या खाटेवर एक म्हातारे शेतकरी होते, बोटे वाकडी झालेली, फिडल धरता येत नव्हते. दुपारी अक्का त्यांचे अंग पुसायच्या तेव्हा त्यांनी ती तोंडाने म्हणून अक्कांच्या कानात घातली, दोन महिने लावून. त्यांच्या आईची चाल. त्यांच्या मुलाला ती नको होती. पेशंटचे नाव बाहेर सांगायचे नसते, म्हणून अक्कांनी खाटेचा नंबर सांगितला. चालीला आकड्याचे नाव असते हे मला फार आवडले.

मला संगीत कळत नाही. हे मी विनयाने म्हणत नाही. सा आणि प मधला फरक मला ऐकू येत नाही. पण ठोके मोजता येतात, आणि मोजू नये असे ठरवले तरी मोजले जातात. 'सहा नंबर' मी त्या बाकावर बसून कितीतरी रविवार मोजली. सोळा, पुन्हा सोळा. मग दुसरा भाग, सतरा, पुन्हा सतरा. प्रत्येक वेळी. सतरा कसे, म्हणून मी एकदा विचारले.

अक्कांनी गज खाली ठेवला. "सात वर्षांत कोणी विचारले नाही," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याची आई दुधाचे कॅन घेऊन चालायची, तेव्हा हे गुणगुणायची. वाटेत ओढा होता. तिथे एक उडी जास्त. ती सतरावी."

हे मी विचारले तेव्हा मलाही उशीर झालाच होता, कारण अक्कांचे कान जात होते. मागून येणाऱ्या मोपेडचा हॉर्न त्यांना आधी वीस पावलांवरून ऐकू यायचा, मग दहा, मग चार. मला तो आकडा दिसत होता. त्यांनीच एके दिवशी सांगितले. तिरुचीच्या डॉक्टरांनी तपासले, यंत्र दिले. "यंत्रातून भांडे पडलेले ऐकू येते. फिडल ऐकू येत नाही, नुसता पत्रा खरवडल्यासारखे. माझे स्वतःचे हनुवटीतून थोडेसे लागते. मुलांचे गेले."

"मग आता वर्ग?"

"पायाने ऐकते," त्या म्हणाल्या, आणि बुटाच्या नाड्या सोडू लागल्या.

अनवाणी पाय त्यांनी दाराच्या कडेवर ठेवला. दारावर वर्गातली एक मुलगी नाचली. अक्कांनी मान हलवली. "चिमणी आहे. लागत नाही." त्यांची नजर फिरत फिरत बाकावर आली. "तुमचे वजन किती?"

"ब्याऐंशी."

"या."

अशा रीतीने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी आयरिश नाच शिकलो. एकच पाऊल, उजवा-डावा, प्रत्येक ठोक्याला एक. दोन्ही मुठींत लिंबे. मुले वाजवत, मी त्या ठोक्यावर आमच्याच परसाच्या दारावर उड्या मारी, आणि अक्का डोळे मिटून, पाय कडेला लावून मुलांची लय ऐकत. घरी बायको म्हणाली, "दार पाहायला गेलात, आणि आता त्यावर नाचता?" पण पुढच्या रविवारी ती बघायला आली, आणि लिंबूभात वाढायला थांबली.

कान पूर्ण जाण्याआधी अक्कांनी ठरवले की 'सहा नंबर' आता द्यायची. माझ्या मुलीला, तुळजाला. ती तेव्हा तेरा वर्षांची, व्हायोलिनवर हात चांगला. तिच्याबरोबर आणखी तिघे. अक्कांनी चाल चार रविवार तुकड्या तुकड्याने दिली, ओढ्याची गोष्ट सांगून दिली. त्या वाजवत, मुले उचलत. मुलांचे मात्र त्यांना ऐकू येत नव्हते.

"ओढा आला काय?" त्या विचारत.

"आला, अक्का," मुले म्हणत.

मी बाकावर होतो. सोळा, सोळा, सोळा, सोळा.

घरी मी तुळजाला सांगितले.

"अप्पा, तुम्हांस सा कोणता नि प कोणता कळतो काय?"

"नाही."

"मग? आम्ही तिथे सूर लांबवतो, त्यातच आले ते. सतरा कुठल्या तालात बसतात? व्हायोलिनचे सर म्हणतात, जे तालात बसत नाही ती चूक. अक्कांचे वय झाले. हात थरथरतो, तिथे एक ठोका जास्त पडत असेल."

"प्रत्येक वेळी? नेमका तिथेच?"

"अय्यो अप्पा, हे काय कालव्याचे पाणी आहे?"

मुलांची लबाडी नव्हती. तालात वाढलेली बोटे ती. वाकडे दिसले की त्यांनी आपोआप सरळ केले, आणि सरळ केल्याचे त्यांनाही कळले नाही.

पोंगलनंतरच्या रविवारी शाळेचा वार्षिक दिवस होता. अक्कांनी जाहीर केले की त्या दिवशी 'सहा नंबर' वाजवायची, मी नाचायचे, आणि त्या दारावर पाय ठेवून बसणार. "तेव्हा मज कळेल पोचली की नाही. यापुढे मी वाजवणार नाही. बोटेही आता त्या म्हाताऱ्यासारखी झाली."

ते दोन आठवडे मला वाईट गेले. उत्तर माझ्या पायांत होते. मुले सोळा वाजवतील आणि मी सोळा नाचलो तर अक्कांना तिथल्या तिथे कळेल की ओढा बुजला. मी सतरा नाचलो तर त्यांना वाटेल सगळे पोचले. त्या आनंदाने घरी जातील, आणि चाल हरवलेलीच राहील. नोकरीत एकदाही मी न दिसलेला आकडा लिहिला नव्हता. पण तिथे पट्टीच्या दुसऱ्या टोकाला अक्कांचा अनवाणी पाय नसतो. बायकोला विचारले. ती म्हणाली, "तुम्हांस खोटे नाचता येणार नाही. खरेच जेमतेम येते."

त्या दिवशी मंडपात दीडशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या, मागे भिंतीला लागून आणखी लोक. दार मधोमध. अक्का नवी खणाची साडी नेसून, बूट खुर्चीखाली नीट जोडून, एक पाय दाराच्या कडेवर. तुळजा उभी राहिली. "ही सहा नंबरच्या आजोबांकडून अक्कांस, आणि अक्कांकडून मज." चौघे मांडी घालून बसली. मी मुठीत लिंबे घेतली. वरून खांब.

सोळा. सोळा. दुसरा भाग सुरू झाला. मी मोजत होतो. चौदा, पंधरा, सोळा, आणि मुले पुढे गेली.

मी थांबलो.

असे काही ठरवले नव्हते. पाय उचललेला होता तो खाली ठेवला आणि दारावर नुसता उभा राहिलो. फिडली एकेक करून बंद पडल्या. दीडशे माणसे माझ्याकडे बघत होती आणि मी मुठीत लिंबे घेऊन खांबासारखा.

"अप्पा!" तुळजा दातांतल्या दातांत म्हणाली.

"एक राहिले," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला. "सतरा आहेत. तुम्ही सोळा वाजवता."

कोणीतरी हसले. मग बरेच जण हसले. अक्कांना काही ऐकू आले नव्हते. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या आणि त्यांचा पाय दारावर तसाच होता.

"आता तुम्ही थांबा," मी मुलांना म्हणालो. "मी नाचतो. तुम्ही बघा."

आणि मी वाद्याशिवाय नाचलो. मंडपात दुसरा आवाज नव्हता, फक्त सागवानावर ब्याऐंशी किलो. सोळा. सोळा. मग दुसरा भाग, चौदा, पंधरा, सोळा, आणि सतराव्याला मी ओढा ओलांडतात तशी उडी घेतली. साडेचार इंचांपेक्षा उंच गेली नसेल. पण दार असे बोलले की पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातातली कॉफी हिंदकळली. पुन्हा दुसरा भाग. पुन्हा उडी. सोळा पावले टाकली की पुढच्या सुरुवातीला उजवाच पाय येतो. सतरा टाकली की डावा. दुसरा भाग पुन्हा घेताना माझा डावा पाय पुढे आला होता, तेव्हाच तुळजाने माझ्या पायांकडे नीट पाहिले. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

तिसऱ्या फेरीला तिने गज उचलला. एकटीने. पहिला भाग माझ्या पावलांवर ठेवला. दुसऱ्या भागात तो लांबवायचा सूर आला, तिथे तिने तो या वेळी हलवला नाही, पूर्ण वेळ सरळ धरला, आणि मग उडीला एक नवा ठोका दिला. मला संगीत कळत नाही. पण त्या ठिकाणी चाल एकदम उघडली, बंद खोलीतून परसात आल्यासारखी, हे मलाही कळले. तुळजाचे तोंड उघडेच राहिले. बाकीची तिघे तिच्या मागोमाग आली. आता फिडली चार, पाय दोन, ओढा एक.

अक्का उभ्या राहिल्या. दोन्ही पाय दारावर ठेवले, माझ्यासमोर. गुडघ्यामुळे त्या सहा वर्षे नाचल्या नव्हत्या. हात बाजूला सरळ, चेहरा समोर, पावले अगदी लहान. पुढच्या उडीला त्या जेमतेम टाचेभर उचलल्या गेल्या, आणि खाली आल्यावर मोठ्याने, बहिरी माणसे बोलतात तितक्या मोठ्याने म्हणाल्या, "आला! ओढा आला!"

माझ्या मुठीतली दोन्ही लिंबे फुटली होती. रस कोपरापर्यंत. ते मला घरी गेल्यावर बायकोने दाखवले.

त्यानंतर त्यांनी कार्यक्रमाचे सगळे बाजूला सारून माझे मनगट धरले, घड्याळाकडे बघितले आणि दीडशे लोकांना सांगितले, "एकशे अठरा! सात वर्षांत पहिल्यांदा!"

अक्का पुढच्या वर्षी गेल्या, मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या थंडीत, फारसे आजारी न पडता. शेवटच्या महिन्यापर्यंत त्या वर्गाला येत, बूट काढत, पाय दारावर ठेवत, आणि कोणी चुकले की जमिनीतूनच पकडत. त्यांचे फिडल तुळजाकडे आहे, किटली मंडपाच्या स्वयंपाकघरात. दार परत न्यावे काय, असे मला विचारले होते. मी ते पुन्हा मोजले. मधोमध, जिथे पावले पडतात तिथे, ते दोन मिलिमीटर झिजले आहे. आता ते घराला बसणार नाही, असे मी कळवले. खरे तर दोन मिलिमीटरने काही अडत नाही. पण मी आकडा खोटा दिला नाही, फक्त निष्कर्ष माझा काढला.

वर्ग चालू आहे. तुळजा सोळा वर्षांची झाली, ती शिकवते. या वर्षी एक सात वर्षांची नवी मुलगी आली आहे, पुढचे दोन दात पडलेली. गेल्या रविवारी तिला 'सहा नंबर'चा पहिला भाग आला. ती फिडल कडेवर घेऊन उभी राहिली आणि पाठ केलेले म्हणू लागली.

"ही सहा नंबरच्या आजोबांकडून अक्कांस, अक्कांकडून तुळजाक्कास, तुळजाक्काकडून मज."

"मधले एक नाव राहिले," तुळजा म्हणाली.

"कोणाचे?"

"अप्पांचे."

मुलीने वळून माझ्याकडे पाहिले. मी बाकावर टोपली घेऊन लिंबे मोजत होतो.

"पण त्यांस गाता येत नाही."

"नाही येत."

"वाजवता?"

"तेही नाही."

"मग त्यांच्याकडून कसे?"

"माझ्याकडून एक पाऊल हरवले होते," तुळजा म्हणाली. "ते त्यांच्यापाशी होते. म्हण पुन्हा, पहिल्यापासून."

मुलीने श्वास घेतला आणि पहिल्यापासून म्हटले. आजोबांकडून अक्कांस, अक्कांकडून अप्पांस, अप्पांकडून तुळजाक्कास, तुळजाक्काकडून मज. मग तिने गज तारेला लावला.

टोपलीत लिंबे एकदा सोळा भरली, एकदा अठरा. दोन्ही आकडे बरोबर असू शकत नाहीत. मी तिसऱ्यांदा मोजली नाहीत.